एचएमआयएस 'बेंगाल' : एका माइनस्वीपरची नोकरी

खांदेरीकर

११ नोव्हेंबर १९४२ रोजी दुपारी बाराच्या सुमारास कोकोस बेटांच्या नैऋत्येस, जिथून जवळची जमीनसुद्धा शेकडो सागरी मैल लांब होती अशा ठिकाणी, रॉयल इंडियन नेव्हीच्या, म्हणजे ब्रिटिश काळातल्या भारतीय नौदलाच्या, एका नव्याकोऱ्या माइनस्वीपरची (पाणसुरुंग काढणाऱ्या बोटीची) दोन जपानी सशस्त्र जहाजांशी गाठ पडली. माइनस्वीपरचे नाव 'बेंगाल', आणि त्याआधीचे 'एचएमआयएस' म्हणजे 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप'. तिच्यासोबत 'ओंडिना' हे डच तेलवाहू जहाज होते. त्या दुपारच्या चकमकीचा उल्लेख अधूनमधून वाचायला मिळतो, पण ही बोट बांधली कुठे, कशासाठी बांधली आणि त्या एका दुपारीखेरीज तिने कोणती नोकरी बजावली, हे सलग मांडावे असे बरेच दिवस मनात होते. जाणकारांनी भर घालावी आणि चूक दिसेल तिथे निःसंकोच दुरुस्ती करावी.

१९३९ मध्ये युद्धाला तोंड फुटले तेव्हा रॉयल इंडियन नेव्हीकडे लढाऊ म्हणाव्यात अशा बोटी आठच होत्या आणि खलाशांची संख्या सतराशेच्या आसपास होती. एवढ्या बळावर कराचीपासून चितगावपर्यंतचा किनारा, त्यावरची बंदरे आणि एडन, इराणचे आखात व सिलोन या दिशांना ये-जा करणारी व्यापारी जहाजे सांभाळायची होती. त्यातही माइनस्वीपरची निकड मोठी होती, कारण शत्रूच्या एखाद्या जहाजाने रात्रीतून बंदराच्या तोंडाशी थोडे पाणसुरुंग टाकले, तरी सगळा जलमार्ग तपासून होईपर्यंत आतली जहाजे आत आणि बाहेरची बाहेर अडकून पडतात. ब्रिटनमधल्या गोद्या स्वतःच्याच कामात गळ्यापर्यंत बुडालेल्या असल्याने काही बोटींची मागणी ऑस्ट्रेलियाकडे गेली. तिथे 'बाथर्स्ट' वर्गाच्या एकूण ६० बोटी बांधल्या गेल्या. त्यांतल्या ५६ रॉयल ऑस्ट्रेलियन नेव्हीत दाखल झाल्या आणि 'पंजाब', 'बॉम्बे', 'मद्रास' व 'बेंगाल' या चार आपल्याकडे आल्या. या चारही बोटी सिडनीत बांधल्या गेल्या.

'बेंगाल'चा कणा सिडनी बंदरातल्या कॉकाटू बेटावरील गोदीत ३ डिसेंबर १९४१ रोजी घातला गेला, म्हणजे पर्ल हार्बरच्या अवघे चार दिवस आधी. २८ मे १९४२ रोजी ती पाण्यात उतरली. त्यानंतर तीनच दिवसांनी, ३१ मेच्या रात्री, जपानच्या तीन छोट्या पाणबुड्या सिडनी बंदरात शिरल्या. त्या हल्ल्यात 'कुट्टाबुल' ही बोट बुडाली आणि तिच्यावरचे २१ नौसैनिक मारले गेले. 'बेंगाल'ची भावंड असलेली 'बॉम्बे' त्या रात्री त्याच बंदरात होती. आणखी एक योगायोग मला विलक्षण वाटतो. त्याच आठवड्यात मादागास्करच्या दिएगो सुआरेझ बंदरावरही जपानी पाणबुड्यांचा हल्ला झाला आणि त्या पाणबुड्यांना इंधन व रसद पुरवणारी दोन जहाजे होती 'होकोकू मारू' आणि 'आयकोकू मारू'. साडेपाच महिन्यांनी 'बेंगाल'च्या समोर उभी राहिली ती हीच जोडी.

बोट लहान होती. लांबी १८६ फूट, म्हणजे पाच एसटी गाड्या एकामागोमाग उभ्या कराव्यात तेवढी. रुंदी ३१ फूट. वाफेच्या इंजिनांवर ती कशीबशी १५ नॉटचा (तासाला १५ सागरी मैल) वेग गाठत असे. या वर्गाच्या बोटींवर सुमारे ८५ माणसे असत. ४ इंची तोफ उपलब्ध नसल्याने 'बेंगाल'वर मुख्य तोफ म्हणून १२ पौंडी, म्हणजे ३ इंच व्यासाची तोफ बसवली गेली. जोडीला विमानांवर मारा करण्यासाठी हलक्या तोफा आणि पाणबुड्यांसाठी डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारी स्फोटके, होती. ८ ऑगस्ट १९४२ रोजी ती सेवेत दाखल झाली. रॉयल इंडियन नेव्हल रिझर्व्हचे लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन तिचे कप्तान होते.

५ नोव्हेंबरला 'बेंगाल' आणि 'ओंडिना' ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीमँटल बंदरातून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे निघाल्या. 'ओंडिना' ६,३४१ टनांची होती. तिच्या पिछाडीवर ४ इंची तोफ होती आणि त्या तोफेसाठी ३२ गोळे होते.

आता समोरच्या जहाजांचा विचार करा. दोन्ही मुळात प्रवासी-मालवाहू जहाजे, प्रत्येकी दहा हजार टनांवरची, वेग २१ नॉट. युद्धासाठी त्यांच्यावर १४ सेंटिमीटर व्यासाच्या आठ-आठ तोफा, टॉर्पेडो नळ्या आणि टेहळणीची तरंगती विमाने चढवलेली होती. मे महिन्यात त्यांनी 'जेनोटा' हे डच तेलवाहू जहाज आणि जुलैमध्ये न्यूझीलंडचे 'हौराकी' आयते ताब्यात घेतले होते. एकटेदुकटे जहाज गाठायचे, जमल्यास पकडायचे, नाहीतर बुडवायचे, हा त्यांचा क्रम होता. 'ओंडिना'सुद्धा शक्य तर धडधाकट हाती लागावी, असाच त्यांचा हिशोब असला पाहिजे.

विल्सन यांनी शत्रू दिसताच 'ओंडिना'ला दूर निघून जाण्याचा इशारा केला आणि स्वतःची बोट शत्रूच्या दिशेने वळवली. माझ्या मते या बोटीच्या साऱ्या इतिहासात याहून महत्त्वाचा क्षण नाही. १५ नॉटच्या बोटीला २१ नॉटच्या जहाजापासून पळता येत नाही हे खरे, पण दोघींनी वेगवेगळ्या दिशांना पांगून नशीब अजमावण्याचा मार्ग मोकळा होता. विल्सन यांनी अंतर वाढवण्याऐवजी कमी केले. त्यामागे दोन कारणे दिसतात. आपल्या छोट्या तोफेचा नेम लागायचा तर जवळ जावे लागणार होते, आणि शत्रूचे लक्ष आपल्यावर राहिले तर तेलवाहू जहाजाला तेवढाच वेळ मिळणार होता.

'ओंडिना'चे कप्तान विलेम हॉर्समन यांनी मात्र पळ काढला नाही. आपला वेग जेमतेम १२ नॉट असल्याने पळून काही साधणार नाही, हे ओळखून त्यांनीही तोफ सुरू केली. साडेतीन हजार मीटरच्या आसपासच्या अंतरावरून 'होकोकू मारू', 'बेंगाल' आणि 'ओंडिना' तिघींच्या तोफा चालू झाल्या आणि काही मिनिटांतच 'होकोकू मारू'च्या उजव्या बाजूच्या टॉर्पेडो नळ्यांपाशी एक गोळा बसला. टॉर्पेडोचा स्फोट झाला, विमानाच्या पेट्रोलने पेट घेतला, आग पसरत गेली आणि शेवटी पोटातले दारूगोळ्याचे कोठार उडून ते दहा हजार टनांचे जहाज बुडाले. त्यावरचे कप्तान इमाझातो यांच्यासह ७६ जण मरण पावले.

'आयकोकू मारू' अजून शाबूत होती आणि 'बेंगाल'चे १२ पौंडी गोळे जवळजवळ संपले होते. बोटीला काही गोळे लागले होते. विल्सन यांनी धुराचा पडदा सोडून माघार घेतली. 'ओंडिना' गेली, अशीच त्यांची समजूत झाली होती. १७ नोव्हेंबरला 'बेंगाल' दिएगो गार्सियाला पोचली. तिच्यावरचा एकही माणूस दगावला नव्हता. विल्सन यांना पुढे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हे पदक मिळाले.

उरलेली हकिगत प्रतिसादांत लिहितो, कारण धागा आधीच लांबला आहे.

सावली

खांदेरीकर, लेख एका बैठकीत वाचून काढला. एक अगदी प्राथमिक शंका आहे. माइनस्वीपर हा शब्द नेहमी कानावर पडतो, पण अशी बोट समुद्रातले पाणसुरुंग काढते म्हणजे नेमके काय करते? जाळ्यासारखे काही टाकून ते गोळा केले जातात का? आणि हेच तिचे काम असेल, तर ती तेलवाहू जहाजाची राखण करत हिंदी महासागराच्या मध्यावर काय करत होती?

निवृत्त_चीफ

सावलीताई, मी व्यापारी जहाजांवर इंजिनात आयुष्य काढले, नौदलात नव्हतो. तरी या विषयाची गोडी जुनी असल्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो.

त्या काळातला सर्वांत साधा पाणसुरुंग म्हणजे हवा भरलेला पोकळ लोखंडी गोल, आत स्फोटके, वर शिंगांसारखे खुंट. तो वर तरंगू पाहतो, पण तळाशी ठेवलेल्या वजनाला लोखंडी तारेने बांधलेला असल्याने पाण्याखाली काही हातांवर अडून राहतो. जहाजाचे बूड खुंटावर आपटले की स्फोट होतो. तो काढायचा तर गोलाला हात लावायचा नाही, त्याची तार कापायची. त्यासाठी बोट पिछाडीकडून एक लांबलचक पोलादी दोर सोडते. त्या दोराच्या बाहेरच्या टोकाला माशाच्या आकाराचा एक तरंगता फ्लोट असतो. त्याच्याखाली पाण्याचा दाब घेऊन दोराला बाहेरच्या बाजूला खेचणारी फळ्यांची चौकट असते आणि बोटीजवळच्या टोकाला दोर खोल दाबून धरणारी दुसरी तशीच चौकट असते. बोट पुढे सरकू लागली की दोर पाण्याखाली तिरका ताणला जातो. दोराला करवतीसारखा खरखरीतपणा असतो आणि ठरावीक अंतरावर कातऱ्या बसवलेल्या असतात. पाणसुरुंगाची तार दोरावरून घसरत कातरीत येते, कापली जाते आणि गोल उसळी मारून वर येतो. मग डेकवरून बंदुकीने त्याला भोके पाडून बुडवायचे किंवा लांबूनच फोडायचे. या पद्धतीला 'ओरोपेसा' म्हणतात, कारण पहिल्या महायुद्धाच्या शेवटी 'ओरोपेसा' नावाच्या ट्रॉलरवर ती घडवली गेली.

या कामातली खरी जोखीम वेगळीच आहे. चार-पाच बोटी तिरक्या ओळीत चालतात आणि प्रत्येक बोट पुढच्या बोटीने झाडलेल्या पट्ट्यातून जाते. सर्वांत पुढच्या बोटीसमोर मात्र कुणीच झाडलेले नसते. तिच्या नाळेखालचे पाणी तिने स्वतःच्या भरवशावर कापायचे असते.

पुढे जर्मनांनी चुंबकीय पाणसुरुंग आणले. ते तळाशी पडून राहतात आणि वरून जाणाऱ्या पोलादी जहाजाच्या चुंबकत्वाने फुटतात, त्यामुळे कापायला तारच नसते. नोव्हेंबर १९३९ मध्ये इंग्लंडच्या शूबरीनेस इथल्या चिखलात असा एक पाणसुरुंग अखंड सापडला आणि लेफ्टनंट कमांडर ऑव्हरी यांनी तो हाताने उकलला. त्यावरून उपाय निघाला. जहाजाभोवती विजेच्या तारेचे वेढे देऊन त्याचे चुंबकत्व मारायचे, आणि झाडायचे तर दोन बोटींनी मागे तरंगत्या जाड केबल ओढत त्यांतून ठरावीक वेळाने जबरदस्त वीजप्रवाह सोडायचा, म्हणजे पाणसुरुंग फसतो आणि बोटी पुढे गेल्यावर मागे फुटतो. इंजिनाच्या आवाजाने फुटणारे पाणसुरुंग आले तेव्हा नाळेपाशी पाण्यात हातोडा बडवणारे यंत्र आले. शत्रूने एक युक्ती काढावी आणि माइनस्वीपरवाल्यांनी तिचा उतारा शोधावा, असा हा क्रम युद्ध संपेपर्यंत चालला.

खांदेरीकर

चीफसाहेब, इतके सुबोध लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

सावलीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. 'बाथर्स्ट' वर्गाच्या बोटी कागदोपत्री माइनस्वीपर होत्या, पण त्यांचा आराखडाच असा होता की पाणबुडीचा माग काढणे, ताफ्याची राखण करणे, किनाऱ्यावर गस्त घालणे आणि वेळ पडली तर रसद पोचवणे, ही सगळी कामे एकाच बोटीकडून व्हावीत. ऑस्ट्रेलियात त्यांना सर्रास कॉर्व्हेट (ताफ्याची राखण करणारी छोटी लढाऊ बोट) म्हटले जाते. हिंदी महासागरात १९४२ साली सर्वांत मोठी टंचाई राखण करणाऱ्या बोटींची होती. सिंगापूर फेब्रुवारीत पडले, एप्रिलमध्ये जपानी विमानवाहू जहाजांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले आणि 'हर्मिस' ही ब्रिटिश विमानवाहू नौका सिलोनच्या किनाऱ्यालगत बुडवली. इराणच्या आखातातून ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या तेलावर सगळे अवलंबून असताना डेप्थ चार्ज असलेली प्रत्येक बोट तेलवाहू जहाजाच्या सोबतीला जुंपली जात होती.

अभ्यासक७१

माहितीपूर्ण धागा आहे, परंतु एका मुद्द्यावर मला खांदेरीकरांनी अधिक स्पष्ट बोलावे असे वाटते. "एक गोळा बसला" एवढेच आपण लिहिले आहे. तो कुणाचा होता? भारतीय लेखनात 'होकोकू मारू' बुडवण्याचे श्रेय 'बेंगाल'ला दिले जाते. डच लेखनात तेच श्रेय 'ओंडिना'च्या तोफेला दिले जाते. आपण मराठीत लिहीत आहोत म्हणून आपल्या बोटीकडे झुकावे असे नाही, आणि मुद्दा टाळणेही बरे नाही.

खांदेरीकर

आपला आक्षेप रास्त आहे, तेव्हा माझे मत सांगतो. मला 'ओंडिना'च्या बाजूचा दावा अधिक पटतो. 'बेंगाल'च्या १२ पौंडी तोफेचा गोळा साधारण साडेपाच-सहा किलोचा, तर 'ओंडिना'च्या ४ इंची तोफेचा सुमारे १५ किलोचा. समोरून येणारा जपानी गोळा ३८ किलोचा होता, हेही लक्षात घ्यावे. टॉर्पेडो पेटवायला लहान गोळासुद्धा पुरतो, त्यामुळे वजन हा निर्णायक पुरावा होत नाही. पण मोठ्या गोळ्याच्या बाजूने तो थोडासा झुकतो एवढे नक्की. दोन्ही बोटी एकाच वेळी एकाच लक्ष्यावर मारा करत होत्या आणि दोन्हींवरच्या माणसांनी आपलाच गोळा बसल्याचे मनापासून सांगितले. धूर, आग आणि शेजारी पडणाऱ्या गोळ्यांचे उसळते पाणी यांत कुणाचा गोळा कुठे पडला हे ओळखणे किती कठीण असेल, याची कल्पना करता येते.

मात्र श्रेय 'ओंडिना'च्या तोफेला दिले तरी 'बेंगाल'चे काम उणे होत नाही. ती शत्रूच्या अंगावर गेली म्हणून 'होकोकू मारू'च्या तोफा आधी तिच्यावर रोखल्या गेल्या, आणि त्या काही मिनिटांत 'ओंडिना'च्या तोफखान्याला नेम सुधारायला अवसर मिळाला. राखण करणाऱ्या बोटीचे कर्तव्य नेमके हेच असते, आणि तिला श्रेय द्यायचे तर मी ते याच कर्तव्यासाठी देईन.

अभ्यासक७१

आपले उत्तर मला मान्य आहे. एक पुस्ती जोडतो. 'ओंडिना'च्या तोफेवर डच खलाशांबरोबर ब्रिटिश सैन्यातले तोफची आणि एक ऑस्ट्रेलियन नौसैनिकही होते. म्हणजे त्या दुपारी दोन छोट्या बोटींवर मिळून हिंदी, डच, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन अशी माणसे लढत होती. एका राष्ट्राच्या खात्यावर ही घटना जमा करण्याचा आग्रह त्यामुळेही मला अनाठायी वाटतो.

सावली

पण 'ओंडिना'चे पुढे काय झाले? लेखात विल्सन यांची समजूत झाली एवढेच आहे, त्यामुळे मन अडकून पडले आहे.

खांदेरीकर

'ओंडिना' वाचली, आणि ती ज्या रीतीने वाचली ते वाचताना आजही अंगावर काटा येतो.

'बेंगाल' दूर गेल्यावर 'आयकोकू मारू'ने सगळा मारा 'ओंडिना'कडे वळवला. तिचे ३२ गोळे संपले. हॉर्समन यांनी इंजिन थांबवून जहाज सोडण्याचा हुकूम दिला आणि शरणागतीची खूण वर चढवली, तरीही गोळे येत राहिले आणि त्यांतला एक बसला तेव्हा हॉर्समन स्वतः ब्रिजवर मारले गेले. उरलेली माणसे होड्यांत उतरली. जपानी जहाजाने जवळ येऊन 'ओंडिना'वर दोन टॉर्पेडो मारले आणि होड्यांमधल्या निःशस्त्र माणसांवर मशीनगन चालवली, त्यात काही जण मरण पावले. मग ते 'होकोकू मारू'ची माणसे पाण्यातून काढायला परतले.

'ओंडिना' एका बाजूला कलली होती, पेटली होती, पण बुडत नव्हती. तेलवाहू जहाजाचे पोट अनेक बंद टाक्यांत विभागलेले असते, तेच तिच्या कामी आले असावे. शत्रू नजरेआड झाल्यावर मुख्य अधिकारी रेविंकल यांच्या पुढाकाराने खलाशी होड्या वल्हवत पुन्हा जहाजावर चढले, आग विझवली, टाक्यांमधले पाणी आणि तेल इकडचे तिकडे करून जहाज सरळ केले आणि इंजिन चालू केले. संकेतांची पुस्तके आधीच समुद्रात फेकून दिलेली असल्याने जखमींसाठी मदत मागणारे संदेश त्यांना उघड भाषेत पाठवावे लागले. आणि 'ओंडिना' बुडाली असे समजले गेले असल्याने हा शत्रूचा सापळा असेल या शंकेने त्यांना उत्तर मिळेना. १८ नोव्हेंबरला ती फ्रीमँटलला परतली, म्हणजे 'बेंगाल' दिएगो गार्सियाला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी. परस्परांना हरवून बसलेल्या या दोन बोटी महासागराच्या दोन टोकांना सुखरूप पोचल्या होत्या. हॉर्समन यांना नेदरलँड्सचे मिलिटरी विल्यम ऑर्डर हे सन्मानपद मरणोत्तर देण्यात आले.

जपानने यानंतर हिंदी महासागरात अशी सशस्त्र व्यापारी जहाजे शिकारीला पाठवणे थांबवले. 'आयकोकू मारू' फेब्रुवारी १९४४ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या ट्रुक बेटांवरील अमेरिकन विमानहल्ल्यात बुडाली.

यारातीर

मी गेली बारा वर्षे मेलबर्नला राहते. 'बाथर्स्ट' वर्गाची 'कॅसलमेन' ही बोट इथे विल्यम्सटाउनच्या जेम पिअरला संग्रहालय म्हणून उभी आहे आणि स्वयंसेवक ती सांभाळतात. हा धागा वाचून गेल्या रविवारी मुलाला घेऊन मुद्दाम गेले. 'बेंगाल'ची ही सख्खी बहीणच, म्हणून जे पाहिले ते लिहिते.

बाहेरून बोट अपेक्षेपेक्षा लहान दिसते, पण आत गेल्यावर ती किती लहान आहे हे खरे कळते. खलाशांच्या राहण्याच्या जागेत छताला आकडे आहेत, त्यांना झोळ्या टांगून माणसे झोपत आणि खाली त्याच जागेत जेवणाची मेजे मांडत. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याला दोनदा वाकावे लागले. इंजिनरूमची शिडी जवळजवळ उभी आहे. खाली उतरले तर दोन इंजिने शेजारी शेजारी, मधली वाट एका माणसापुरती, आणि दोन्हीकडे माणसाच्या उंचीचे दांडे. इंजिन आज थंड आहे, तरीही तिथे दहा मिनिटांत जीव घाबरला. नोव्हेंबरच्या त्या दुपारी बॉयलर पेटलेले असताना, वर काय चालले आहे हे न दिसता, केवळ गोळ्यांचे धक्के अंगावर घेत खाली काम करणारी माणसे कशी उभी राहिली असतील, हा विचार तिथून निघेपर्यंत डोक्यात होता.

तोफेजवळ उभी राहिले तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. तोफेवरच्या माणसांना आडोसा जवळजवळ नाहीच. समोर पाणी आणि आकाश.

निवृत्त_चीफ

यारातीर यांनी इंजिनरूमबद्दल लिहिले ते वाचून समाधान वाटले, कारण युद्धाच्या वर्णनात तोफा येतात आणि खालची माणसे राहून जातात. या इंजिनाची वाफ एकामागून एक तीन सिलिंडरांत वापरली जाते. वेगाने मागेपुढे होणाऱ्या उघड्या दांड्यांच्या सांध्यांवर चालत्या इंजिनात हात घालून तेल सोडावे लागते आणि बेअरिंग तापले आहे का हे तळहाताने चाचपावे लागते. हात घालण्याची लय चुकली तर बोटे जातात. धुराचा पडदा सोडण्याच्या वेळी तर वेग पूर्ण ठेवूनच हे सारे सांभाळायचे होते. तेव्हाच्या 'बेंगाल'ची खालची मंडळी जेमतेम तीन महिने त्या इंजिनांसोबत होती.

दाभोळखाडी

सर्वांना नमस्कार. मी या मंडळावर सहसा वाचक असतो, पण या विषयावर लिहिल्याशिवाय राहवेना.

युद्धापूर्वी या नौदलातले खलाशी मुख्यत्वे पंजाबी मुसलमान आणि आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान होते. युद्धात भरती देशभरातून झाली आणि हे प्रमाण बदलले, पण खाडीकाठच्या कित्येक वाड्यांत आजही एखादे तरी घर असे आहे की ज्यातले कुणी तेव्हा नौदलात होते. माझ्या नानीचे मामू एका माइनस्वीपरवर होते. 'बेंगाल'वर नव्हे, हे आधीच सांगतो.

ते वारले तेव्हा मी सहावीत होतो. त्यांच्याविषयी मला लख्ख आठवतात ते त्यांचे तळहात. दोन्ही तळव्यांवर पांढरट, बारीक, आडव्यातिडव्या खुणा होत्या. चीफसाहेबांनी ज्या पोलादी दोराचे वर्णन केले, तो सोडताना आणि ओढून घेताना त्याचे तुटलेले तंतू कुसळासारखे हातात घुसत, असे ते सांगत. जाड कातडी मोजे मिळत, पण ओले मोजे निसटतात म्हणून घाईच्या वेळी ते काढून टाकले जात. घरी विहिरीचा रहाट ओढतानासुद्धा ते दोर मुठीत सरकू देत नसत, एक हात सोडून दुसरा धरत. आम्हा मुलांना त्यांनी शिकवलेली एकच गोष्ट म्हणजे ती, दोर हातातून सरकू द्यायचा नाही.

लढाईविषयी ते फारसे बोलत नसत. सुरुंग वर उसळला की सगळे डेकवर गप्प होत आणि बंदूकवाल्याकडे बघत राहत, एवढे एकदा म्हणाले होते.

खांदेरीकर

दाभोळखाडी, आपण लिहिलेत याबद्दल किती आभार मानू. अशा आठवणी कुणी तरी लिहून ठेवायला हव्या होत्या.

आता 'बेंगाल'चा पुढचा काळ थोडक्यात. दिएगो गार्सियाहून ती कोलंबोमार्गे मुंबईला आली आणि उरलेले युद्ध तिने हिंदी महासागरातील ताफ्यांची राखण करण्यात काढले. या वर्षांविषयी सांगण्यासारखी मोठी चकमक नाही. ताफ्याच्या बाजूने बारा-चौदा दिवस आठ-नऊ नॉटने नागमोडी चालत राहायचे, रात्री दिवे बंद, पाण्याखालचा आवाज ऐकणाऱ्याने कान लावून बसायचे, बंदर आले की कोळसा-पाणी नव्हे तर तेल-पाणी भरायचे आणि पुन्हा निघायचे, अशी ती नोकरी. युद्ध संपेपर्यंत आठ बोटींचे आपले नौदल जवळपास तीस हजार माणसांचे झाले होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार' या आस्थापनेपासून खलाशांचा उठाव सुरू झाला, त्यामागे पगार, अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांचा जो राग होता तो याच माणसांचा. सहा वर्षे समुद्र सांभाळल्यानंतर पानात काय पडते आणि वरिष्ठ कोणत्या शब्दांत हाक मारतात, याचा हिशोब त्यांनी मागितला, आणि तो मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता असे मला वाटते.

फाळणीत नौदलाच्या १६ माइनस्वीपरपैकी १२ भारताकडे राहिल्या आणि ४ पाकिस्तानला गेल्या. 'बेंगाल' भारताकडे राहिली. २६ जानेवारी १९५० पासून तिच्या नावाआधी 'आयएनएस' लागले. १९६० मध्ये ती सेवेतून निवृत्त झाली आणि पुढे मोडीत काढली गेली.

निवृत्त_चीफ

एक भर घालतो, कारण युद्ध संपले की माइनस्वीपरचे काम संपते असा समज होऊ नये. 'बाथर्स्ट' वर्गातली 'वॉर्नम्बूल' ही बोट १३ सप्टेंबर १९४७ रोजी, म्हणजे शांतता होऊन दोन वर्षे उलटल्यावर, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ पाणसुरुंग झाडत असताना पाणसुरुंगावरच आदळून बुडाली आणि चौघे मरण पावले. ज्यांनी युद्धात पेरले त्यांच्या स्वाक्षऱ्या तहावर झाल्या, तरी पाण्याखालचा सुरुंग तह वाचत नाही.

सावली

दाभोळखाडी, आपल्या नानीचे मामू कोणत्या बोटीवर होते हे कळू शकेल का? घरात काही कागद असतील तर.

दाभोळखाडी

ताई, काल रात्री मावशीला फोन केला होता. त्यांची नोकरीची वही ओलीने फार खराब झाली आहे, पण एका पानावर बोटीचे नाव वाचता येते असे ती म्हणाली. नाव 'कोंकण'.

खांदेरीकर

'कोंकण' नावाची माइनस्वीपर रॉयल इंडियन नेव्हीत होती. ती 'बँगॉर' वर्गाची, ब्रिटनमध्ये बांधलेली. मूळ नाव 'टिलबरी' होते, आपल्याकडे येताना ते बदलले. वहीचे ते पान स्वच्छ उजेडात, सपाट ठेवून, फ्लॅश न वापरता टिपून ठेवा. ओल लागलेली पाने उन्हात मात्र वाळवू नका, शाई उडते.

दाभोळखाडी

ठीक आहे, शनिवारी जाऊन तसेच करतो. मावशीने आणखी एक सांगितले ते लिहितो. मामूंची पत्रे यायची तेव्हा बोटीचे नाव त्यांत कधी नसे, कारण लिहायची परवानगीच नव्हती. युद्ध संपल्यावर ते घरी आले आणि नानीच्या आईने विचारले, की इतकी वर्षे होतास तरी कुठे. ते म्हणाले, "कोकणावर." तिला वाटले, सांगायचे नाही म्हणून टाळतोय, आणि तिने पुढे कधी विचारलेच नाही.